संगमापासून वर

८ जानेवारी, सोमवार

ही वही मी हौसेने लिहीत नाही. यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला आणि वाचा गेली. वाचोपचार करायला येणाऱ्या मुलीने सांगितलं, की हे रोज काय बोलतात ते लिहून ठेवा. "आणि तुम्ही काय बोललात तेही," ती म्हणाली.

मी म्हटलं, मी काय बोलते ते मला ठाऊक असतं.

"तरी लिहा, मॅडम."

वयाने माझ्या लेकीपेक्षा लहान आहे, पण आवाजात धाक आहे. मला अशी माणसं चालतात. म्हणून लिहिते.

आजची नोंद. हे एकच शब्द बोलले, "बाई". दिवसभर तोच. पाणी हवं तरी बाई, उशी सरकली तरी बाई. डॉक्टरांना वाटलं, हे समोर दिसेल त्या बाईला हाक मारतात. तसं नाही. आम्ही दोघं एकाच शाळेत शिकवत होतो, मी भूगोल आणि हे इतिहास. शिक्षकांच्या खोलीत मला बाई म्हणायचे. लग्न झालं तरी ती सवय गेली नाही. लेक लहान असताना तिने शाळेच्या अर्जात आईचं नाव "बाई" असंच सांगितलं होतं.

९ जानेवारी, मंगळवार

वाचोपचाराच्या मुलीने विचारलं, झटक्याआधी घरात काय चाललं होतं. भांडण चाललं होतं.

जिल्हा ग्रंथालयाने आमच्याकडून जिल्ह्याचं पुस्तक लिहून मागितलं आहे. भूगोल, इतिहास आणि लोक, असे तीन भाग. मार्चअखेर द्यायचं आहे. भूगोल माझा, तो झाला. इतिहास यांचा, तोही झाला. यांच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरावरून मीच टंकून काढला. लोक हा भाग दोघांनी मिळून लिहायचा होता. तो राहिला.

भांडण एवढंच, की पुस्तक कुठून सुरू करायचं. आमचा जिल्हा म्हणजे एक नदी आणि तिच्या दोन्ही बाजूंची सपाट जमीन. नदीवर सात मोठी गावं. घरात आम्ही त्यांना आमच्याच नावांनी ओळखतो. नदी जिल्ह्यात शिरते तिथे दगडी. मग वळण, पूल, भट्टी, बाजार, गाळ, आणि शेवटी ती मोठ्या नदीला मिळते तिथे संगम. मी म्हटलं, पुस्तक दगडीपासून सुरू होईल. हे म्हणाले, संगमापासून. माणसं तिथे आली, होड्यांतून, आणि तिथून पाण्याच्या उलट वर वर सरकत गेली. जमीन पुरेनाशी झाली की धाकटा भाऊ वरच्या अंगाला जाऊन नवं गाव वसवायचा. म्हणजे संगम सगळ्यांत थोरलं आणि दगडी शेंडेफळ.

"मग वाचकाने नकाशा उलटा धरायचा का?" मी विचारलं.

"बाई, खाली जायची घाई नदीला. माणसाला नव्हती."

मी म्हटलं, हे बोलायला बरं वाटतं, पण पुस्तक असं लिहीत नाहीत. महिनाभर चाललं. शेवटी यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, ठीक, दगडीपासून. यांच्या भागातलं एक वाक्यही मी खोडलं, "वरच्या गावांतली माणसं अजूनही संगमाला मोठं घर म्हणतात." ऐकीव गोष्ट आहे, पुरावा नाही. वाद मिटला. मिटल्यावर चार दिवसांनी झटका आला. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मुलीचं म्हणणं असं, की ओळीने पाठ असलेल्या गोष्टी आधी परत येतात. वार, महिने, पाढे. यांना पाढे कधीच येत नव्हते. मी म्हटलं, सात गावं घेऊ. ती यांना झोपेतही येतील.

१३ जानेवारी, शनिवार

न्याहारीनंतर तास सुरू केला. खुर्ची खिडकीशी, उजेड तोंडावर. मी पट्टी घेऊन समोर बसले. पट्टी नकाशावर दाखवण्यासाठी, दुसऱ्या कशासाठी नाही.

मी: नदी जिल्ह्यात कुठे शिरते?

हे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग ओठ जुळवले आणि म्हणाले, "संगम."

बाई सोडून पहिला शब्द. माझ्या हातातली पट्टी खाली पडली, ती उचलली.

मी: चूक. संगमाला नदी संपते. दगडी. म्हणा, दगडी.

हे: संगम.

मी: दगडी.

हे: संगम. (थांबून) गाळ.

आज स्वेटरही मागचा पुढे घातला होता. चपला उलट्या. एकंदरीत डोक्यात काहीतरी उलटं बसलं आहे. सरळ करावं लागेल.

१७ जानेवारी, बुधवार

संगम, गाळ, बाजार, भट्टी. चारही स्पष्ट. मुलगी खूश झाली. मी विचारलं, उलटं म्हणतात त्याचं काय?

"कुठल्याही क्रमाने येऊ दे, मॅडम. येतंय ना?"

"सहा, पाच, चार असं म्हणणाऱ्या पोराला तू पहिलीतून दुसरीत घालशील?"

"मी परीक्षा घेत नाही," ती म्हणाली.

मीच विचार केला. उलटं आहे, पण नेमकं उलटं आहे. म्हणजे आत साठा शाबूत आहे. फक्त ओढताना शेवटचं टोक हाती लागतं. लोकरीचा गुंडा चुकीच्या टोकाने सुटावा, तसं. गुंडा आहे हे महत्त्वाचं. टोक मी शोधून देईन.

२२ जानेवारी, सोमवार

भिंतीवरचा नकाशा काढून पलंगावर पसरला. यांचं डावं बोट धरून दगडीवर ठेवलं. यांनी बोट सोडवून घेतलं, नकाशाच्या तळाशी नेलं, संगमावर टेकवलं, आणि हळूहळू नदीवरून वर चढवू लागले. प्रत्येक गावाशी थांबून माझ्याकडे बघत होते. गाळापाशी थांबले. बाजारापाशी थांबले. भट्टीच्या खाली कागदाला घडी आहे, तिथे बोट अडखळलं, तरी पुढे नेलं. पुलापाशी मी हात धरला आणि परत दगडीवर आणून ठेवला.

मी: पाणी वर चढत नाही.

यांनी डोळे मिटून घेतले. दमले असणार. तास लवकर संपवला.

३० जानेवारी, मंगळवार

तिसरा भाग मीच लिहायला घेतला आहे. आज यांना वाचून दाखवला. लोकसंख्या, व्यवसाय, साक्षरता, गावाला एक परिच्छेद. हे लक्ष देऊन ऐकत होते. मी वळणापर्यंत आले तेव्हा हे म्हणाले, "नाही."

नवा शब्द. लिहून ठेवला. विचारलं, काय नाही?

"माणसं."

"माणसांबद्दलच आहे हे. बारा टक्के वीटकाम करतात, ही माणसं नाहीत तर कोण?"

"नाही. माणसं. संगम."

मी समजावलं, की संगमाची माणसं शेवटी येतील, क्रमाने. यांनी मान भिंतीकडे वळवली.

दुपारी मावशी यांना भरवत होत्या. मावशी म्हणजे यांना दिवसभर सांभाळायला येतात त्या, पुलाच्या. यांनी त्यांच्या बांगडीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "गाळ." मावशी हसल्या. "आता! मी पुलाची, पण आजोळ माझं गाळच की हो. सरांना कुणी सांगितलं? माझा मामा अजून तिथंच असतो. वर ये म्हटलं तर येत नाही, म्हणतो थोरल्याने जागा सोडायची नसते."

मग हे हसले. अर्धं तोंड हसतं, अर्धं तसंच राहतं. मी स्वयंपाकघरात निघून आले.

मावशींना मी सांगितलं, गावांची नावं तासाशिवाय घेऊ देऊ नका. चुकीच्या क्रमाची सवय लागेल.

३ फेब्रुवारी, शनिवार

लेकीचा फोन.

"आई, तू बाबांची परीक्षा घेतेस म्हणे."

"मावशींनी चुगली केली वाटतं."

"त्यांना नुसतं बोलू दे ना."

"नुसतं बोलून काय होतं? तुला पोहायला शिकवलं तेव्हाही तू अशीच रडत होतीस. आज पोहतेस ना?"

"आई, मला पोहायला बाबांनी शिकवलं. तू काठावर उभी राहून ओरडत होतीस."

हे खरं आहे. मी काठावरून हात कसे मारायचे ते सांगत होते. कुणीतरी सांगावं लागतंच.

ती म्हणाली, बाबांना फोन दे. दिला. हे कानाला लावून बसले. तिकडून ती बराच वेळ बोलत होती. यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते डाव्या हाताने पुसलं. शेवटी एकच शब्द म्हणाले, "बाई." मला वाटलं मला हाक मारली. जवळ गेले तर यांनी हाताने मला थांबवलं आणि फोनमध्येच परत म्हणाले, "बाई." आणि माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. काय सांगत होते कोण जाणे. लेक हसत होती, ते मला ऐकू आलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज वेगळंच. मी विचारलं, नदी कुठे शिरते. यांनी नेहमीप्रमाणे संगम म्हटलं. मी तोंड उघडायच्या आत डाव्या हाताचं बोट माझ्याकडे रोखलं आणि म्हणाले, "चूक."

मुलीने सांगितलं होतंच, रुग्ण दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे परत करतात. तो प्रकार. तरी उच्चार उत्तम होता. शब्दयादीत घातला.

मी: चूक नव्हे. दगडी.

हे: चूक. चूक, बाई.

आणि हसायला लागले. खांदे हलेपर्यंत. मी पट्टी खुर्चीच्या हातावर आपटली. पस्तीस वर्षं वर्गात आपटली, कधी वाया गेली नाही. हे गप्प झाले.

नंतर मी चहा केला. यांनी घेतला नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

नकाशा यांनी पलंगावरून ढकलून दिला. कोपरा फाटला. मी मागून चिकटपट्टी लावली. मुलगी म्हणाली, थोडे दिवस गावं बंद ठेवा, गाणी म्हणा, जुने फोटो दाखवा. मी म्हटलं, एवढं जवळ आल्यावर सोडायचं? सातही गावं येतात, फक्त फिरवायची आहेत.

ती जाताना दारात थांबली. "मॅडम, ते तुम्हाला काही सांगत असतील, असं वाटत नाही का तुम्हाला?"

"सांगायला शब्द हवेत. तेच तर शिकवतेय."

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज जमलं.

नेहमीसारखा तास. मला वाटलं होतं आजही तेच. मी विचारलं, नदी कुठे शिरते. हे माझ्या हातातल्या पट्टीकडे बघत होते. मग माझ्याकडे. मग खिडकीबाहेर. आणि सावकाश, एकेक शब्द नीट ठेवत म्हणाले:

"दगडी. वळण. पूल. भट्टी. बाजार. गाळ. संगम."

एकही अडखळ नाही. संपल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर, बाई?"

"बरोबर," मी म्हटलं. वहीत त्या ओळीसमोर मोठी बरोबरची खूण केली आणि यांना दाखवली. यांनी मान डोलावली. मी उठून पहिल्यांदा यांच्या केसांवरून हात फिरवला. कडक शिस्तीने माणूस परत येतो, हे मी सगळ्यांना सांगत होते. लेकीला फोन करून सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली.

उद्यापासून वार.

२४ फेब्रुवारी, शनिवार

वार नाहीत. मंगळवारपासून हे काही बोललेले नाहीत. थकवा.

२ मार्च, शनिवार

मुलीने तपासलं. गिळणं ठीक, जीभ ठीक, ऐकतात, सांगितलेलं कळतं. मग बोलत का नाहीत, मी विचारलं. ती म्हणाली, "कधी कधी माणूस बोलणं सोडतो, मॅडम."

"काही कारण?"

तिने या वहीची पानं चाळली. फार वेळ चाळत होती. मला वाटलं, माझी नोंद पद्धतशीर आहे म्हणून. वही मिटून परत दिली आणि म्हणाली, "आज तुम्ही यांच्याजवळ नुसत्या बसाल का?"

बसले. हात धरून बसले. पट्टी कपाटात ठेवली. पाणी हवं का विचारलं, तर मान हलवली. बाईसुद्धा म्हणाले नाहीत.

६ मार्च, बुधवार

हे गेले. सकाळी. मी चहा गाळत होते. मावशींनी हाक मारली.

२१ मार्च, गुरुवार

लेक येऊन राहून गेली. मावशी अजून येतात, का ते मी विचारत नाही. येतात, खिडकीशी बसून भाजी निवडतात आणि जातात. खुर्ची हलवू देत नाहीत.

मार्चअखेर पुस्तक द्यायचं आहे, म्हणून काम चालू केलं. पुस्तकासाठी नवा नकाशा काढायला दिला होता. आज काढणाऱ्याचा फोन आला.

"मॅडम, एक शंका होती. तुमच्या भागावरून नदीचे बाण काढले, वरून खाली. सरांच्या भागावरून वस्तीचे काढले, ते खालून वर. दोन्ही एकाच रेघेवर समोरासमोर येतायत. कुणाचा चुकला?"

"कुणाचाच नाही," मी म्हटलं. "पाणी खाली येतं, माणसं वर गेली. सरळ गोष्ट आहे. सुरुवात संगमापासून, मग गाळ, मग बाजार, मग भट्टी..."

आणि मग मला पुढे बोलता येईना. तो हॅलो हॅलो करत होता. मावशींनी फोन माझ्या हातातून घेऊन ठेवला.

ही वही पहिल्यापासून वाचली. प्रत्येक पानावर माझ्या अक्षरात "चूक" आहे.

हे उलटं बोलत नव्हते. वाद मिटला असं मी धरलं होतं, यांनी धरलं नव्हतं. उजवा हात उठत नव्हता, आठ-दहा शब्द उरले होते, आणि त्या आठ-दहा शब्दांत हे माझ्याशी भांडत होते. नेहमीसारखं. मजेत. बोट रोखून "चूक, बाई" म्हणाले तेव्हा तो माझा शब्द परत करत नव्हते. यांचं डोकं पूर्ण शाबूत होतं, आणि ते माझ्या समोर बसून मला चिडवत होतं.

एकोणीस फेब्रुवारीला यांनी वाद सोडला. त्याच्यासमोर मी बरोबरची खूण केली आहे.

पाणी वर चढत नाही, असंही मी म्हणाले होते. तेही खोटं. माझ्याच भागात, माझ्याच वाक्यात लिहिलंय: मोठ्या नदीला पूर आला की तिचं पाणी संगमातून आत घुसतं आणि आमची नदी बाजारापर्यंत काही काळ उलटी वाहते. हे वाक्य मी पोरांना वर्षानुवर्षं पाठ करायला लावलं.

मावशींना विचारलं, संगमाला तुमच्यात काय म्हणतात?

"मोठं घर," त्या म्हणाल्या. "का हो?"

मी म्हटलं, सहज.

३० मार्च, शनिवार

पुस्तक दिलं. ग्रंथपाल आमचाच जुना विद्यार्थी. पाकिटातले कागद एकेक करून टेबलावर मांडले, क्रम पाहून थबकला. मग पोच लिहायला घेतली आणि मान वर न करता विचारलं, "सगळं बरोबर आहे ना, बाई?"

मी त्याच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले. त्याने पाणी मागवलं. थोड्या वेळाने आम्ही दोघांनी मिळून पोच लिहिली. तिची नक्कल इथे ठेवते.

दिलं ते असं.

भाग पहिला, इतिहास. संगमापासून दगडीपर्यंत. खोडलेलं वाक्य परत घातलं आहे.

भाग दुसरा, भूगोल. तीच गावं, त्याच क्रमाने. वाचकाला नकाशा उलटा धरावा लागला तर धरावा.

भाग तिसरा, लोक. टक्केवारी काढून टाकली. एक पान आहे; मावशींच्या मामाचं आणि थोरल्याने जागा न सोडण्याचं. बाकीचं ज्यांना लिहिता आलं असतं ते नाहीत, असं पानाखाली लिहिलं आहे.

नकाशा, एक. दोन्हीकडचे बाण ठेवले आहेत.